विहिरीत विष कुणीच टाकलं नव्हतं

परवा संध्याकाळी बहिणीकडे गेले होते. भाची आठवीत आहे, तिची शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी चालली होती. विषय 'स्वच्छता आणि संस्कृती'. आम्हा सगळ्यांना समोर बसवून तिने पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं. सुरुवात ठीक होती. मग आवाज चढवून ती म्हणाली, "ज्यू लोकांनी विहिरींमध्ये विष टाकल्याची कबुलीसुद्धा दिली होती, आणि धूर दिसतो तिथे आग असतेच!" घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

कुठून आणलंस हे, असं विचारलं. काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तिने दाखवला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे आमच्यापर्यंत येण्याआधी किती हातांतून गेला असेल कोण जाणे. 'युरोपचा घाणेरडा इतिहास' असं काहीतरी नाव. त्यातले दावे थोडक्यात असे: मध्ययुगात युरोपातले लोक आयुष्यात दोनदा आंघोळ करायचे, कारण चर्चने आंघोळीवर बंदी घातली होती. शहरांत ना नियम होते ना गटारं. पोपने मांजरी मारायचा हुकूम काढला म्हणून उंदीर वाढले आणि प्लेग आला. ज्यू मात्र हात धुवायचे म्हणून वाचले, 'पण त्यांच्यातल्या काहींनी विहिरींत विष टाकल्याचं कबूलही केलं होतं, धूर दिसतो तिथे आग असतेच'. व्यापार युरोपवाल्यांना ठाऊक नव्हता, सडलेल्या मांसाचा वास लपवायला त्यांना आपले मिरे हवे होते. आणि पृथ्वी सपाट आहे असं ते मानत.

क्रमाने जाण्याइतका धीर माझ्यात नाही. विहिरीपासूनच सुरू करते, कारण बाकीचं चुकलं तर एखाद्या मुलीचे स्पर्धेत दोन गुण जातील. या एका वाक्यापायी मात्र माणसं जिवंत जाळली गेली आहेत.

कबुली कुठली, ते आधी सांगते. युरोपात प्लेग पसरत होता, आणि ज्यूंनीच विहिरींत विष टाकून तो आणला अशी अफवा होती. १३४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराच्या काठी शियों नावाचा किल्ला आहे, तिथे आणि आसपासच्या किल्ल्यांत सव्हॉयच्या सरदाराच्या अधिकाऱ्यांनी काही ज्यूंना पकडून आणलं. त्यांचा छळ केला. छळानंतर त्यांनी जे 'कबूल' केलं ते लिहून घेतलं. त्या कागदांच्या नकला ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग शहराच्या पंचायतीकडे पाठवण्यात आल्या. मेसेजमधली 'कबुली' ती हीच. यातला एक माणूस शस्त्रवैद्य होता. दुसरा, आजिमे नावाचा, रेशीम खरेदीला व्हेनिसला जाणारा माणूस. त्याच्या तोंडी काय घातलं आहे पाहा: मी व्हेनिसच्या विहिरीत विष टाकलं, कालाब्रियात टाकलं, आपुलियात टाकलं, तुलूझमध्येही टाकलं. एक माणूस, एक पुडी, आणि इटलीच्या टाचेपासून फ्रान्सच्या दक्षिणेपर्यंतचे पाणवठे! त्याचा गुन्हा एवढाच की तो व्यापारासाठी हिंडत होता. जिथे जिथे माल घ्यायला गेला असेल, ती गावं त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरली. सांधे निखळेपर्यंत ताणलं की कुठलाही माणूस कुठल्याही विहिरीचं नाव घेईल. याला कबुली म्हणणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावं की आपल्या घरातल्या कुणाला असं बसवलं तर तो काय काय कबूल करेल.

मग स्ट्रासबर्गमध्ये काय झालं? हे नीट सांगायला हवं, कारण शहर म्हणजे काय, व्यापार म्हणजे काय आणि धर्माच्या नावाने काय चालायचं हे सगळं त्या एका प्रकरणात दिसतं.

तिथल्या पंचायतीचा या आरोपावर विश्वास नव्हता. त्यांनी आसपासच्या शहरांना पत्रं लिहून विचारलं की तुमच्याकडे काही पुरावा आहे का. ती उत्तरं टिकून आहेत. कोलोनच्या पंचायतीने १३४९ च्या जानेवारीत उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की हा ईश्वरी कोप असावा असं आम्हाला वाटतं, नुसत्या अफवांवरून ज्यूंना त्रास देऊ नका, लोकांना असा दंगा करायची सवय लागली तर शहराचंच नुकसान होईल. स्ट्रासबर्गचा प्रमुख पेटर श्वार्बर हाही तेच म्हणत होता. ज्यूंना शहराने पैसे घेऊन संरक्षणाचं वचन दिलं आहे, ते मोडता येणार नाही, ही त्याची भूमिका.

कारागिरांच्या संघांना ते मान्य नव्हतं. हे संघ म्हणजे खाटीक, चर्मकार, विणकर, सोनार अशा धंद्यांच्या संघटना. प्रत्येक संघाचा एक संत, त्याची वेदी, त्याचा सण, मेलेल्या सभासदासाठी प्रार्थना. धंदा आणि धर्म एकाच दोरीत वळलेले. त्यामुळे ज्यूला संघात जागाच नव्हती, म्हणजे बहुतेक धंदे बंद. उरली सावकारी, कारण ख्रिस्ती माणसाने व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप. आधी माणसाला सावकारीत ढकलायचं आणि मग सावकार म्हणून त्याचा द्वेष करायचा, असा तो प्रकार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संघांनी शस्त्रं घेऊन चौक अडवला, श्वार्बरला पदावरून काढलं, त्याची मालमत्ता जप्त केली, आपल्या माणसांची नवी पंचायत बसवली. आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शहरातल्या ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी मंचावर उभं करून जाळलं. तो शनिवार होता, त्यांच्या विश्रांतीचा, प्रार्थनेचा दिवस. इतिवृत्तात सुमारे २००० माणसांचा आकडा आहे. तो फुगवलेला धरला तरी उरतात ती माणसंच. ज्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला ते वाचले. काही लहान मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध आगीतून ओढून ख्रिस्ती करण्यात आलं.

मग ज्यूंकडे असलेली सगळी गहाणखतं आणि कर्जरोखे रद्द झाले. सापडलेली रोकड कारागिरांत वाटली गेली. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. स्ट्रासबर्गच्याच इतिवृत्तकाराने स्पष्ट लिहून ठेवलं आहे की पैसा हेच त्यांचं विष ठरलं. ते गरीब असते आणि सरदार त्यांचे देणेकरी नसते, तर त्यांना कुणी जाळलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १४ फेब्रुवारीला स्ट्रासबर्गमध्ये प्लेग आलेलाच नव्हता. तो आला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. जाळायला ज्यू शिल्लक नव्हते, तरी लोक मेले, हजारोंनी मेले. धूर दिसतो तिथे आग असते म्हणे. इथे आग लोकांनी स्वतःच्या हाताने लावली होती, आणि पावणेसातशे वर्षांनी आपण तिचाच धूर पुरावा म्हणून मुलांच्या हातात देतो आहोत.

'ज्यू हात धुवायचे म्हणून वाचले' हा त्याच दाव्याचा गोड वाटणारा भाग. त्यांचं कौतुक केल्यासारखं दिसतं, म्हणून लोक बिनधास्त पुढे पाठवतात. भाकरी मोडण्याआधी हात धुण्याचा विधी त्यांच्यात आहे, तेवढं खरं. पण प्लेग पसरतो तो पिसवांमधून. उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि जंतू आत शिरतात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून हे दाखवलं. हात धुतले म्हणून पिसू चावायची थांबत नाही.

आणि ते वाचले नाहीतच. याला मी दोन साक्षीदार आणते, आणि पहिला तर ज्यूंचा मित्र नाही. कॉनराड फॉन मेगेनबर्ग हा जर्मन धर्मपंडित, प्लेगच्या काळात हयात होता, ज्यू आपल्या धर्माचे वैरी आहेत असं स्वतःच लिहिणारा. तरीही तो सांगतो की व्हिएन्नात इतके ज्यू मेले की त्यांना आपली दफनभूमी वाढवावी लागली, त्यासाठी लगतची दोन घरं विकत घ्यावी लागली. मग त्यांनी स्वतःलाच विष घातलं म्हणायचं का, असा त्याचा प्रश्न. द्वेष करणाऱ्यालाही समोरचं दिसत होतं. आपल्याला पावणेसातशे वर्षांनंतरही दिसू नये?

दुसरा साक्षीदार म्हणजे खुद्द पोप. सहावा क्लेमेंट, तेव्हा रोमला नव्हे तर फ्रान्समधल्या आविन्यों इथे राहणारा. २६ सप्टेंबर १३४८ च्या आज्ञापत्रात त्याने लिहिलं की हाच रोग ज्यूंनाही मारतो आहे, आणि जिथे ज्यू कधी राहिलेच नाहीत अशा लोकांनाही मारतो आहे, तेव्हा हा आरोप पटण्यासारखा नाही. साधं, सरळ तर्कशास्त्र. मेसेजात पोप म्हणजे मांजरी मारणारा अडाणी. तो अडाणी ठरवलेला माणूस तेव्हाच जे बोलून गेला ते आमच्या ग्रुपमधल्या सदतीस जणांपैकी कुणाला सुचलं नाही, मेसेजखाली नुसते अंगठे आहेत.

चर्चला मी निर्दोष ठरवत नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ज्यूंनी वेगळा पोशाख घालावा असं ठरवलं, ते चर्चनेच. प्रवचनांतून द्वेष पेरला गेला तोही तिथूनच. पोपचं पत्र आविन्योंच्या आसपास पाळलं गेलं, ऱ्हाइनकाठी कुणी ऐकलं नाही. शहाणपणाचं पत्र लिहिणाऱ्या कोलोननेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या ज्यूंची कत्तल होऊ दिली. हे सगळं सांगा की मुलांना. पण खरं सांगा.

मला हे एवढं का लागलं, तेही सांगते. मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग आहे. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलणारी, आपल्यातलीच माणसं. गावच्या विहिरीचं पाणी त्यांनी आणि आपण बरोबरच प्यायलं आहे. अलिबागला आजोळ असलेल्या मुलीने भर सभेत असलं वाक्य म्हणावं, हे मला सहन होणार नाही. आणि प्लेगचंच म्हणत असाल, तर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यावरची लस कुणी शोधली? वाल्डेमार हाफकिन यांनी, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिन ओडेसाचे ज्यू होते. परळच्या हाफकिन संस्थेवरून आमचे काका नोकरीच्या काळात रोज जात-येत होते.

आता मांजरी. पोप नववा ग्रेगरी याचं १२३३ चं एक पत्र आहे, जर्मनीतल्या पाखंडी लोकांच्या कथित विधीबद्दल. त्यात एका काळ्या मांजराचं वर्णन येतं. मांजरी मारा असा हुकूम त्यात कुठेही नाही. शिवाय प्लेग आला १३४७ च्या ऑक्टोबरमध्ये, सिसिलीतल्या मेसिना बंदरात, जिनोवाच्या जहाजांतून. म्हणजे पत्रानंतर ११४ वर्षांनी. बरं, त्याच लाटेत कैरो, दमास्कस, ट्यूनिसही उद्ध्वस्त झाली. पोपचा तिथे काय संबंध? मुसलमानांत मांजर आवडतं जनावर, तिथे कुणी मांजरी मारल्या नव्हत्या, आणि तरी ट्यूनिसमध्ये इतिहासकार इब्न खल्दूनचे आईवडील प्लेगने गेले. दमास्कसचं वर्णन इब्न बतूता या प्रवाशाने केलं आहे, तोच इब्न बतूता जो आपल्या दौलताबादला येऊन गेला होता. तीन दिवस उपवास करून सगळं शहर अनवाणी बाहेर पडलं, मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, आणि सगळ्यांनी मिळून करुणा भाकली. त्याच वर्षी शियोंच्या किल्ल्यात कबुल्या लिहून घेतल्या जात होत्या. आणि मांजर काही प्लेगवरचं औषध नव्हे, त्यालाही प्लेग होतो.

सहज आठवलं म्हणून सांगते: ओदोरिक नावाचा इटालियन साधू १३२० च्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्याला आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरींचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. बिचाऱ्याने घूस पाहिली असणार.

आंघोळीचं पाहू. पॅरिसमध्ये १२६० च्या दशकात एतिएन ब्वालो या अधिकाऱ्याने शहरातल्या सगळ्या धंद्यांचे नियम एका पुस्तकात लिहून काढले. त्यात हमामवाल्यांचा स्वतंत्र संघ आहे. वाफेची आंघोळ दोन दनिए (तिथलं नाणं), वाफ आणि पाण्याची मिळून चार. पाणी तापल्याची आरोळी उजाडण्याआधी द्यायची नाही. रविवारी आणि सणाला बंद. १२९२ च्या करनोंदीत असे २६ हमामवाले सापडतात. बंदी असलेल्या गोष्टीचे दर कुणी ठरवतं का? कर कुणी घेतं का? संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी घालून दिलेल्या नियमांतही आजाऱ्याला हवी तेव्हा आंघोळ घालावी असं आहे, धडधाकट तरुणांनी कमी करावी. काही विरक्त साधू आंघोळ सोडायचे, ते व्रत म्हणून. आपल्याकडे कुणी मीठ सोडलं तर अख्खा गाव अळणी जेवतो असा अर्थ होत नाही.

मेसेजात खरं आहे ते चुकीच्या शतकात टाकलेलं आहे. सार्वजनिक हमाम बंद पडले ते सोळाव्या शतकात, उपदंशाच्या साथीच्या भीतीने आणि जळण महागल्याने. डच विद्वान इरॅस्मसने १५२६ मध्ये लिहिलंय की पंचवीस वर्षांपूर्वी ब्राबांतमध्ये (आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागात) हमामांइतकं लोकप्रिय काही नव्हतं, आज एकही उरला नाही. म्हणजे पाण्याला घाबरणारा युरोप नंतरचा. त्याचं पाप आजोबांच्या माथी मारायचं कारण नाही.

शहरं घाण होती का? होती. इथे मला मान्य करावं लागतं, नाइलाजाने. १३४९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने लंडनच्या महापौराला पत्र लिहून झापलं आहे की रस्त्यांत मैला पडलाय, हवा विषारी झालीय. पण 'नियम नव्हते' हे साफ खोटं. शेजाऱ्याच्या हद्दीपासून संडासाचा खड्डा किती लांब हवा, दगडाने बांधलेला असेल तर अडीच फूट, नसेल तर साडेतीन, इथपर्यंत लंडनचे नियम होते, आणि शेजारी एकमेकांना त्यावरून खेचत. तक्रारींच्या नोंदी १३०१ पासूनच्या आहेत. तेराव्या शतकात टायबर्नच्या झऱ्यांचं पाणी शिशाच्या नळांनी शहरात आणलं होतं. पंधराव्या शतकात थेम्सच्या काठी १२८ बैठकांचं सार्वजनिक शौचालय बांधलं, अर्धं बायकांसाठी, भरतीच्या पाण्याने धुऊन निघणारं. आमच्या स्टँडवर बायकांसाठी एक धड शौचालय नाही, आणि आम्ही मध्ययुगातल्या लंडनला नावं ठेवतो.

सडलेलं मांस आणि मिरे: मिरे मलबारातून अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला जायचे, वाटेत प्रत्येकजण जकात घ्यायचा. ज्याला ते परवडायचे त्याला ताजं मांस कधीच परवडायचं. आणि लंडनमध्ये नासकं मांस विकणाऱ्या खाटकाला खोड्यात अडकवून तेच मांस त्याच्या नाकाखाली जाळायचे.

व्यापार त्यांना ठाऊक नव्हता म्हणणाऱ्याला मी फक्त फ्रांचेस्को दातिनी दाखवते. इटलीतल्या प्रातो गावचा व्यापारी, १४१० मध्ये वारला. त्याच्या पेढ्या आविन्यों, फ्लॉरेन्स, जिनोवा, बार्सिलोना, माजोर्का इथे. त्याची सुमारे दीड लाख पत्रं आणि पाचशेहून अधिक वह्या आजही प्रातोत जपून ठेवलेल्या आहेत. वहीच्या माथ्यावर 'देवाच्या आणि नफ्याच्या नावाने' अशी ओळ, आपल्याकडे वहीवर 'श्री' आणि 'शुभ-लाभ' लिहितात अगदी तशी. त्याने प्लेगमध्ये लहानपणीच आईवडील गमावले होते, आणि मरताना जवळजवळ सगळी संपत्ती गावच्या गरिबांसाठी ठेवली. ज्या विमा, हुंडी आणि जमाखर्चावर आपले सीए परीक्षा देतात, ते त्याच्या वह्यांत आहे.

पृथ्वी सपाट, यावर वेळ घालवत नाही. साक्रोबोस्कोचं गोलाकार पृथ्वी शिकवणारं पुस्तक तेराव्या शतकापासून विद्यापीठांत लावलेलं होतं. संपलं.

भाचीने विचारलं, मग भाषणात काय बोलू? मी तिला रागुसा दिलंय, आजचं दुब्रोव्निक. १३७७ मध्ये तिथल्या पंचायतीने ठरवलं की साथीच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचं, मग शहरात घ्यायचं. पुढे तीसचे चाळीस झाले, आणि इटालियनमधल्या चाळीसवरून क्वारंटाईन शब्द आला, जो आपण २०२० मध्ये घराघरांत शिकलो. त्यानंतर हाफकिन, आणि शेवटी सावित्रीबाई, ज्या पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ ला गेल्या. स्वच्छतेवर आणि संस्कृतीवर बोलायला एवढं पुरेसं आहे. ती नव्याने पाठ करते आहे.

काका, तुमच्यावर राग नाही. तुम्ही विश्वासाने पाठवलंत. पण तो मेसेज तुम्ही आपल्या ग्रुपवर, सोसायटीच्या आणि निवृत्तांच्या ग्रुपवर टाकलात असं काकू म्हणाल्या. हेही त्या तिन्ही ठिकाणी टाका. स्पर्धा गुरुवारी आहे, आणि तिच्या वर्गातल्या आणखी दोघींनी तोच मेसेज पाठ केलाय.